एकदा गेलेला पाय किती वेळा दाखवायचा?

माझ्या मामांना उजवा पाय गुडघ्यापासून खाली नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या मोटारसायकलला मागून ट्रकने ठोकलं आणि पाय कापावा लागला. तेव्हापासून एक कुबडी, घरासमोरची छोटी टपरी आणि संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान, एवढ्यावर त्यांचं भागतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांना सांगण्यात आलं, "तुमचं दिव्यांग प्रमाणपत्र जुनं आहे, कागदी आहे. नवीन ऑनलाइन काढा. त्यासाठी परत तपासणी करून घ्या."

मी तेव्हा परीक्षा संपवून मामांकडे गेले होते. म्हणून सोबतीला मीच निघाले. गावाचं, जिल्ह्याचं आणि रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका रुग्णालयाला नावं ठेवून हा प्रश्न सुटणारा नाही.

पहाटे साडेपाचची एसटी पकडली. नऊला रांगेत उभे राहिलो. रांगेत कुणी कुबडीवर, कुणी व्हीलचेअरवर, कुणी आईच्या कडेवर. बसायला दोन बाकडी. साडेबाराला कळलं की हाडांचे डॉक्टर आज कोर्टात साक्षीला गेलेत, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात डॉक्टर होते, पण वेबसाइट चालत नव्हती. तिसऱ्या खेपेला काम झालं. तपासणीला वेळ लागला फक्त दोन मिनिटं. डॉक्टरांनी मान वर केली, पँट वर करायला सांगितली, बघितलं आणि लिहिलं. ते माणूस म्हणून चांगले होते. ओशाळून म्हणाले, "बाबा, मला दिसतंय हो. पण कॉम्प्युटरला दाखवावं लागतं."

परतीच्या एसटीत मामा बराच वेळ गप्प होते. मग अहिराणीत म्हणाले, "बेटा, पाय काय निंबनी फांदी शे का? कापी ते परत फुटी जाई?"

आजचं हे संपादकीय म्हणजे मामांच्या त्या प्रश्नाला उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारी मदत घेणाऱ्या दिव्यांगांची अधूनमधून वैद्यकीय फेरतपासणी व्हावी, यात चुकीचं काही नाही. पण ज्याचं दिव्यांगत्व बदलूच शकत नाही, त्याला पुन्हा पुन्हा रांगेत उभं करणं ही तपासणी नव्हे, तो छळ आहे. आणि ज्याचं बदलू शकतं, त्याच्या तपासणीचा खर्च, वेळ आणि उशिराचा भुर्दंड त्याच्याच डोक्यावर टाकणं हा अन्याय आहे.

तीन प्रश्न, एकच रांग

आधी एक गोंधळ दूर करू. अनुदान घेणाऱ्या माणसाला सरकार वेगवेगळ्या वेळी तीन वेगळे प्रश्न विचारतं. तू जिवंत आहेस का? तू अजून गरीब आहेस का? आणि तू अजून दिव्यांग आहेस का?

पहिल्याचं उत्तर हयातीच्या दाखल्याने मिळतं. दुसऱ्याचं उत्पन्नाच्या दाखल्याने. हे दोन्ही प्रश्न वेळोवेळी विचारणं समजू शकतं. माणूस वारला तरी खात्यात पैसे जात राहिले, असं होऊ नये. घरात कुणाला नोकरी लागली तर परिस्थिती बदलते. तिसरा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्याचं उत्तर तलाठी किंवा सेतू केंद्र देऊ शकत नाही, डॉक्टरच देऊ शकतो. आणि ते उत्तर प्रत्येकाच्या बाबतीत बदलतंच असं नाही. पोलिओने गेलेला पाय, जन्मापासून नसलेली नजर, कापलेला हात यांत पाच वर्षांनी काय बदलणार?

आपल्याकडे होतं काय, की पोर्टल बदललं, नियम बदलला, एखादा घोटाळा बाहेर आला, की या तिन्ही प्रश्नांची एकच रांग होते आणि सगळ्यांना तिच्यात उभं केलं जातं.

पैसे किती, ते आधी बघू

ज्या मदतीसाठी ही सगळी धावपळ चालते, ती केवढी आहे? संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून राज्यात आहे. तिच्यात किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. १२ ने भागून बघा. महिन्याला साधारण ४,१६६ रुपये, तेही अख्ख्या घराचे. यातलं महिन्याचं अनुदान बरेच दिवस हजार रुपये होतं, २०२३ मध्ये दीड हजार झालं. जून २०२५ मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांच्या मानधनवाढीची मागणीही पुढे होती. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ते अडीच हजार रुपये करायचा निर्णय घेतला.

अडीच हजार म्हणजे दिवसाला ८३ रुपये. केंद्राची वेगळी इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. ती ८० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसांसाठी आहे. तिच्यातला केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये आहे. दिवसाला १० रुपये. आपल्या कॉलेजच्या कँटीनमधल्या कटिंगएवढे.

आता मामांच्या तीन खेपांचा हिशोब करा. दोन माणसांचं जाणं-येणं, दुपारचं खाणं, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याचे पैसे आणि टपरी तीन दिवस बंद. सोबतीला मी होते म्हणून निभावलं. माझ्या जागी रोजंदारीवर जाणारा मुलगा असता तर त्याची तीन दिवसांची मजुरी बुडाली असती. महिन्याच्या अनुदानातला मोठा वाटा ते अनुदान चालू ठेवण्यातच गेला असता.

कायदा खरंतर शहाणा आहे

गंमत अशी की कायदा वाचला तर तो मामांच्या बाजूने बोलतो.

१९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मंजूर झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार २१ झाले. सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्यातले बळी, असे अनेक जण पहिल्यांदा यादीत आले. त्याखालचे नियम स्पष्ट सांगतात, की दिव्यांगत्वाचं प्रमाण बदलण्याची शक्यता नसेल तर प्रमाणपत्र कायमस्वरूपी द्यायचं. शक्यता असेल तरच त्यावर मुदत लिहायची. शिवाय कायद्यानुसार हे प्रमाणपत्र देशभर चालतं. निर्णय पटला नाही तर अपील करायचा हक्क आहे.

म्हणजे फेरतपासणी कुणाची करायची, हे कायद्याने आधीच ठरवून ठेवलंय. लकवा मारलेला माणूस फिजिओथेरपीने सुधारू शकतो. लहान मुलाची वाढ होत असते, त्याला आज दिलेली टक्केवारी पाच वर्षांनी तीच राहील असं नाही. मानसिक आजारात चढउतार असतात. इथे मुदत घालणं बरोबर आहे. कधीकधी तर फेरतपासणी माणसाच्या फायद्याची असते, कारण त्रास वाढलेला असू शकतो.

मग घोडं अडतं कुठे? अंमलबजावणीत. १ जून २०२१ पासून देशभर प्रमाणपत्र ऑनलाइनच, यूडीआयडी म्हणजे वैश्विक ओळखपत्राच्या पोर्टलवरून द्यायचं, असं ठरलं. कल्पना चांगली. एक कार्ड, अठरा अंकी नंबर, सगळीकडे तेच चालेल. पण जुनं कागदी प्रमाणपत्र असलेल्यांना नव्या व्यवस्थेत आणताना, ज्यांचं दिव्यांगत्व कायमचं आहे त्यांचा कागद नुसता पडताळून घ्यायचा की माणूसच पुन्हा तपासायचा, यातला फरक खिडकीपर्यंत पोहोचत नाही. कागदाचं नूतनीकरण आणि शरीराची फेरतपासणी या दोन गोष्टी आहेत. खिडकीवर त्या एक होतात.

आणखी एक बारीक गोष्ट. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र एका महिन्यात द्यावं असं होतं. २०२४ च्या दुरुस्तीत ती मुदत तीन महिने झाली. कामाचा बोजा आहे, डॉक्टर कमी आहेत, मान्य. यंत्रणेला वेळ तिप्पट मिळाला. ज्याच्या प्रमाणपत्राची मुदत ३१ तारखेला संपते, त्याला मात्र एक दिवसही वाढवून मिळत नाही.

सातपुड्यातला सिकल सेल

हा प्रश्न आपल्या शिरपूर तालुक्यात वेगळ्या धारेने येतो. बोराडी, कोडीद, पळासनेर, सांगवी हा आपला उत्तरेकडचा पट्टा. पावरा आणि भिल्ल समाजाची गावं. धुळे आणि नंदुरबारच्या या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल हा ओळखीचा आजार आहे. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आला की मुलाच्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंगात असह्य कळा येतात. अशक्तपणा, वारंवार ताप, कधी रक्त चढवायची वेळ. आपल्या वर्गात अधूनमधून आठवडाभर गायब होणारा आणि परत आल्यावर काही न सांगणारा एखादा मित्र आठवतोय का? प्रत्येक वेळी कारण आळस हेच असेल असं नाही.

हा आजार जन्मतः येतो आणि बोनमॅरो प्रत्यारोपणासारखा मोठा उपचार सोडला तर आयुष्यभर राहतो. २०१६ च्या कायद्याने त्याला दिव्यांगत्व मानलं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून पंतप्रधानांनी सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आणि सात कोटी लोकांची तपासणी, असा त्याचा आवाका आहे. इतकं सगळं असताना या रुग्णाचं दिव्यांग प्रमाणपत्र आधी एका वर्षासाठीच चालायचं. नंतर ती मुदत तीन वर्षं झाली.

याची एक बाजू खरी आहे. सिकल सेलचा त्रास सगळ्यांना सारखा नसतो आणि औषधाने कळा कमी होऊ शकतात. म्हणून टक्केवारी बदलू शकते. पण मग यात एक विचित्र पेच होतो. जो रुग्ण नियमित हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या घेतो, पाणी पितो, तब्येत सांभाळतो, त्याचे अॅटॅक कमी झाले म्हणून तपासणीत त्याची टक्केवारी घसरू शकते. टक्केवारी घसरली की सवलत जाते. सवलत गेली की औषधाला आणि प्रवासाला पैसे कमी पडतात. आजार आहे तिथेच असतो. चांगलं वागल्याची शिक्षा म्हणतात ती हीच.

आणि अंतराचं काय? शिरपूर ते धुळे पन्नासेक किलोमीटर. सावळदे फाट्याचा तापीचा पूल, नरडाणा, सोनगीर करत एसटीने आपण सहज जातो. पण कोडीदकडच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाला आधी शिरपूर गाठायचं असतं. घरी पावरी बोलणारी आई खिडकीवरच्या मराठीत आणि पोर्टलवरच्या इंग्रजीत काय सांगणार? कानांची बेरा चाचणी किंवा बुद्ध्यांक चाचणी गावात होत नाही. तिथे नंबर लागायला वेळ लागतो. मुदत मात्र तारीख बघून संपते.

पण बोगस लोकांचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. यायलाच पाहिजे.

२०२४ मध्ये पूजा खेडकर प्रकरण गाजलं. लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली आणि दिव्यांग प्रमाणपत्रांचा विषय घराघरांत पोहोचला. कोर्टात जे ठरायचं ते ठरेल. पण त्या प्रकरणानंतर खऱ्या दिव्यांग मुलांकडेही लोक संशयाने बघू लागले, हे आपण कॅम्पसवर पाहिलंय. २०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली. ती गरजेचीच होती. खोट्या प्रमाणपत्रावर कुणी नोकरी घेतली, सोयीची बदली घेतली, तर एका खऱ्या दिव्यांगाची जागा गेली. कायद्याचं ९१ वं कलम अशा फसवणुकीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. ते वापरा. आमचा पाठिंबा आहे.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, नोकरी-बदलीचा आयुष्यभराचा लाभ घेणारा आणि दिवसाला ८३ रुपये घेणारा यांना एकाच चाळणीतून काढू नका. दोन, खोटं प्रमाणपत्र रुग्णाच्या खिशात उगवत नाही. त्यावर कुणाची तरी सही असते, शिक्का असतो, मध्ये एखादा दलाल असतो. लाखो खऱ्या लोकांना पुन्हा रांगेत उभं करून तो दलाल सापडत नाही. उलट त्याचा धंदा वाढतो, कारण रांग जितकी लांब तितका "मी करून देतो" म्हणणाऱ्याचा भाव जास्त. बोगसगिरी पकडायची तर प्रमाणपत्र देणाऱ्यांची तपासणी करा. यूडीआयडीमुळे कुठून, कधी, कुणी, किती टक्के दिले, हे आता कॉम्प्युटरवर आहे. एखाद्या ठिकाणाहून ४० टक्क्यांच्या काठावरची, तेही न दिसणाऱ्या व्याधींची प्रमाणपत्रं धडाधड निघत असतील तर तिथे जा. नमुना म्हणून काही फाइली उचला, दुसऱ्या मंडळाकडून तपासा. चोर पकडायला सगळ्या गावाची झडती घेणं हा आळशी पोलिसाचा मार्ग आहे.

जगाने ही चूक करून पाहिली आहे

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेने १९८० मध्ये कायदा करून अपंगत्व लाभ घेणाऱ्यांची नियमित फेरतपासणी सक्तीची केली. पुढच्या तीन-चार वर्षांत लाखो लोकांचे लाभ बंद झाले. अपिलात त्यातल्या पुष्कळांचे परत सुरू करावे लागले. ओरड इतकी झाली की काही राज्यांनीच लाभ कापायला नकार दिला. शेवटी १९८४ मध्ये नवा कायदा आला. त्याचं सार असं, की तब्येत सुधारली आहे याचा पुरावा असल्याशिवाय लाभ बंद करता येणार नाही. तिथे आता तीन गट आहेत. सुधारणा अपेक्षित असेल तर सहा ते अठरा महिन्यांत तपासणी, शक्य असेल तर सुमारे तीन वर्षांनी आणि अपेक्षित नसेल तर पाच ते सात वर्षांनी. लाभ बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध ठरावीक दिवसांत अपील केलं तर तोवर पैसे चालू ठेवण्याची मागणी करता येते.

ब्रिटनमध्येही कामाच्या क्षमतेच्या चाचण्यांवरून वर्षानुवर्षं वाद झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं, की ज्यांचा आजार गंभीर आणि आयुष्यभराचा आहे, त्यांना त्या भत्त्यासाठी पुन्हा पुन्हा तपासलं जाणार नाही. दोन श्रीमंत देशांनी लोकांना त्रास देऊन जे शिकलं, ते आपल्या नियमांत आधीच लिहिलेलं आहे. आपल्याला फक्त ते पाळायचंय.

आपल्या वर्गातला प्रश्न

हे वाचून वाटेल, की हा म्हाताऱ्या माणसांचा, गावाकडचा विषय आहे. तसं नाही. उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी धडपडणारी मुलं आपल्याच बाकावर बसतात. हातात वैध यूडीआयडी कार्ड असूनही मेडिकलच्या प्रवेशासाठी त्यांना ठरवून दिलेल्या केंद्रावर पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. खानदेशातल्या मुलाला त्यासाठी मुंबईत जेजे रुग्णालय किंवा हाजी अलीची केंद्र सरकारची संस्था गाठायची, म्हणजे रात्रभराचा प्रवास.

या तपासणीत काय बघायचं, यावर सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये महत्त्वाचं सांगितलं. महाराष्ट्रातल्या ओमकार गोंड या विद्यार्थ्याला वाणी-दोष होता. टक्केवारी मर्यादेपेक्षा जास्त म्हणून तो एमबीबीएसला अपात्र, असं ठरलं होतं. कोर्टाने म्हटलं, की नुसता टक्क्यांचा आकडा बघून कुणाला बाहेर काढता येणार नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे मंडळाने तपासलं पाहिजे. गंमत बघा. अनुदानाच्या खिडकीवर टक्के कमी पडले म्हणून माणूस बाहेर आणि मेडिकलच्या दारात टक्के जास्त झाले म्हणून बाहेर. दोन्हीकडे माणूस बाजूला राहतो, आकडा पुढे येतो.

आमच्या मागण्या

नुसती तक्रार करून थांबायचं नाही. म्हणून पाच साध्या गोष्टी सांगतो.

एक. कायमस्वरूपी म्हणजे कायमस्वरूपी. ज्याच्या जुन्या प्रमाणपत्रावर 'कायम' लिहिलंय आणि ज्याचं दिव्यांगत्व डोळ्यांना दिसतं, त्याचा फक्त कागद पडताळा. तो ऑनलाइन चढवायचं काम कार्यालयाचं.

दोन. आधी फाइल बघा, मग माणूस बोलवा. सिकल सेलच्या रुग्णाची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, रक्त चढवल्याची नोंद रुग्णालयात असते. तिच्यावर निर्णय होत असेल तर त्याला नऊ वाजता रांगेत कशाला उभं करायचं?

तीन. निर्णय होईपर्यंत अनुदान थांबवू नका. माणसाने मुदतीत अर्ज केला, तारीख यंत्रणेने उशिराची दिली, तर भुर्दंड यंत्रणेने सोसावा.

चार. मंडळाने लोकांकडे जावं. महिन्यातून एकदा शिरपूरला, तीन महिन्यांतून एकदा बोराडी किंवा सांगवीला पूर्ण शिबिर व्हावं. हाडांचे, डोळ्यांचे, कानांचे, मनाचे डॉक्टर एकाच दिवशी. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतोच. त्यातून पाड्यावरून शिबिरापर्यंत गाडी का करू नये?

पाच. टक्केवारी कमी केली तर कारण मराठीत लेखी द्या आणि अपील कुठे करायचं ते त्याच कागदावर छापा. हक्क आहे, पण माहीत नाही, तर तो नसल्यासारखाच.

आणि आपण?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून जास्त दिव्यांग होते. तेव्हा यादीत आजच्यासारखे २१ प्रकार नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. विभाग आहे, कायदा आहे, पोर्टल आहे. कमी पडतो तो खिडकी आणि माणूस यांच्यामधला दुवा. तो आपण होऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी आपण रस्ते झाडतो, झाडं लावतो. एका वर्षी यूडीआयडीचे फॉर्म भरायला बसू. ज्याला पावरी येते तो दुभाषा होईल. ज्याच्याकडे चांगला फोन आहे तो कागद स्कॅन करेल. कुणाच्या कार्डाची मुदत कधी संपते याची गावनिहाय यादी करून तीन महिने आधी फोन करता येईल. याला पैसे लागत नाहीत.

आणि एक गोष्ट आजपासून. वर्गात कुणाला सवलत मिळाली तर "तू तर बरा दिसतोस की" असं म्हणणं बंद करू. सगळंच दिसत नसतं. सिकल सेलच्या कळा दिसत नाहीत. कमी ऐकू येणं दिसत नाही. सरकारचं मंडळ तीन वर्षांनी तपासतं, आपण मात्र रोज तपासत असतो.

मामांचं नवीन कार्ड आलंय. निळ्या-पिवळ्या रंगांचा अर्थ त्यांना मी फोनवर समजावून सांगितला. त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरामागच्या डब्यात ठेवलंय, जुन्या कागदी प्रमाणपत्राच्या शेजारी. जुनं फेकून द्या म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, राहू दे, परत कुणी मागितलं तर? सरकारवर त्यांचा राग नाही. त्यांना फक्त खात्री वाटत नाही, की ही शेवटची खेप होती. ती खात्री त्यांना देणं हेच या सगळ्या नियमांचं काम आहे.